एक बेरीज

इचलकरंजी शाखेच्या मार्चच्या खर्चात ३८,४०० रुपयांचा फरक येत होता. शाखेचा आकडा एक, पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या डेटा वेअरहाऊसचा आकडा दुसरा. रक्कम मोठी नव्हती. पण हिशेबात लहान फरक लहान म्हणून सोडता येत नाही; दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना खाऊन मागे ठेवलेला तो तुकडा असू शकतो. दोन दिवस मी ओळ न् ओळ लावून पाहिली. शेवटी शाखेत फोन केला. तिथल्या लेखापाल ताई वीस वर्षं तो हिशेब लिहीत होत्या. त्यांनी शीट उघडली आणि लगेच म्हणाल्या, "सर, वाहतुकीच्या तीन रकमा पिवळ्या होत्या ना? पिवळं म्हणजे बिल यायचंय, अंदाजे धरलंय. बिलं आली तशा रकमा बदलल्या आणि रंग काढला. हे तर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

आमच्या प्रोग्रामला ठाऊक नव्हतं. त्याने आकडे उचलले होते, रंग उचलला नव्हता.

त्या कंपनीच्या चौदा शाखा होत्या आणि चौदा शाखांच्या चौदा तऱ्हेच्या एक्सेल शीट. प्रत्येक शीट ती लिहिणाऱ्याला तळहातासारखी माहीत. दर महिन्याला त्या सगळ्या एका मध्यवर्ती कोठारात आणायच्या, म्हणजे संचालकांनी "या वर्षी वाहतुकीवर किती गेले?" असं विचारलं की एकच उत्तर मिळावं, हे आमचं काम. ते काम मी सुरुवातीला हमालीचं समजत होतो: इथला माल उचलायचा, तिथे ठेवायचा. त्या फोननंतर कळलं की शीटमधला निम्मा अर्थ शीटमध्ये नसतोच. तो ताईंच्या डोक्यात असतो, रंगात असतो, वरच्या मथळ्यात असतो, "आमच्याकडे असंच असतं" या वाक्यात असतो. तो अर्थ लिहून घेणं हेच खरं काम आहे, आकडे हलवणं त्यापुढे सोपं.

शीट अशी का असते, हे तिच्या जन्मात आहे. संगणकाच्या आधीही हिशेबनिसांकडे आडवे रुंद कागद असायचे, उभ्या-आडव्या रेघा मारलेले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा मांडायच्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिनला फळ्यावरच्या अशा तक्त्यांवरून कल्पना सुचली, आणि बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क तयार केलं. १९७९ साली ते ॲपल २ संगणकासाठी बाजारात आलं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५ मध्ये एक्सेल आलं, तेही आधी मॅकिंटॉशवर. हिशेबनिसाला पहिल्यांदाच असं साधन मिळालं जे त्याला काहीही विचारत नाही. कुठल्याही चौकटीत काहीही लिहा: रक्कम, तारीख, नाव, "बघून सांगतो" असा शेरा. ही मोकळीक शीटची सगळ्यात मोठी देणगी आहे. म्हणून जगभरचा लेखा विभाग अजून तिच्यावर चालतो, आणि मला वाटतं, चालायलाही हवा.

कोठाराची कल्पना मात्र संगणकाहून खूप जुनी आहे, आणि ती पुण्याला अनोळखी नाही. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात एक विभाग होता, त्याचं नाव 'एक बेरीज दफ्तर'. चालू कामकाजाचा हिशेब 'चालते दफ्तर' पाही. एक बेरीज दफ्तराकडे हिशेबाचे कागद येत. तिथे ते बाबवार लावले जात, खतावण्यांत उतरत आणि त्यांतून जमा, खर्च, शिल्लक दाखवणारे वार्षिक तर्जुमे तयार होत. मूळ कागद एका धाटणीचे, सारांश दुसऱ्या धाटणीचा, आणि मध्ये वर्गवारी करणारे कारकून. आजच्या वेअरहाऊसचा नकाशा याहून फार वेगळा नाही. 'एक बेरीज' हे नाव तर मला आमच्या शब्दापेक्षा जास्त नेमकं वाटतं. कोठार कशासाठी, तर सगळ्यांची मिळून बेरीज एकच यावी यासाठी.

संगणकयुगात ही कल्पना पुस्तकात पक्की केली बिल इनमन यांनी, १९९२ मध्ये. त्यांनी वेअरहाऊसचे चार गुण सांगितले: ते विषयवार लावलेलं असावं, वेगवेगळ्या ठिकाणची माहिती त्यात एकजीव झालेली असावी, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ असावा आणि एकदा आत गेलेली नोंद पुसली जाऊ नये. १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांनी आत मांडणी कशी करायची ते सांगितलं. रकमा एका तक्त्यात ठेवा, त्याला फॅक्ट टेबल म्हणा. शाखा, खातं, तारीख यांची माहिती वेगळ्या तक्त्यांत ठेवा, त्यांना डायमेन्शन म्हणा. आणि सगळ्यात आधी ठरवा की फॅक्ट टेबलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय. किंबॉल याला ग्रेन म्हणतात, म्हणजे दाणा. कोठारात दाण्याचा विचार आधी करायचा, हे कुठल्याही शेतकऱ्याला पटेल.

आता एक शीट जवळून पाहू. वर मथळा: 'प्रवास व वाहतूक खर्च २०२३-२४ (रु. हजारांत)'. खाली एक रिकामी ओळ. मग स्तंभांची नावं: शाखा, एप्रिल, मे, जून, तिमाही १, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिमाही २, असं करत मार्च, तिमाही ४ आणि शेवटी वार्षिक एकूण. ओळींमध्ये शाखा; चार-पाच शाखा झाल्या की 'पश्चिम विभाग एकूण', पुन्हा शाखा, पुन्हा विभागाची बेरीज, तळाला 'सर्व एकूण'. वाचायला सुरेख. डोळ्याला विभाग दिसतात, तिमाही दिसते, ठळक अक्षरांतली बेरीज दिसते.

ही शीट जशीच्या तशी कोठारात ओतली तर काय होईल ते मोजून बघा. कोल्हापूरने जूनमध्ये खर्च केलेला एक रुपया जूनच्या स्तंभात आहे, पहिल्या तिमाहीच्या स्तंभात आहे आणि वार्षिक एकूणमध्येही आहे, म्हणजे तीनदा. ओळींकडे बघितलं तर तो शाखेच्या ओळीत आहे, विभागाच्या ओळीत आहे आणि सर्व एकूणमध्ये आहे, म्हणजे पुन्हा तीनदा. तीन गुणिले तीन. एका रुपयाचे नऊ रुपये झाले. त्यात मथळ्यातलं 'हजारांत' हे कंसातलं लेखन प्रोग्रामने वाचलं नाही तर उत्तर दुसऱ्या बाजूने हजारपट चुकतं. या दोन चुका एकत्र झालेला अहवाल मी पाहिला आहे. त्यातला आकडा कशाशीच जुळत नव्हता आणि कारण सापडायला एक दिवस लागला, कारण आम्ही एकच चूक शोधत होतो.

उपाय असा: आधी सगळ्या बेरजा बाजूला काढायच्या. मग आडवे पसरलेले बारा महिने उभे करायचे. ज्या ओळीत एका शाखेचे बारा आकडे होते तिच्या बारा ओळी होतात, आणि प्रत्येक ओळ स्वतःची ओळख सांगते: शाखा कोल्हापूर, खातं वाहतूक, महिना जून २०२३, एकक रुपये, रक्कम इतकी, स्थिती पक्की की अंदाजे. 'स्थिती' हा स्तंभ त्या पिवळ्या रंगातून आला. चौदा शाखा, साठ खाती आणि बारा महिने धरले तर १०,०८० ओळी होतात. माणसाला वाचायला कंटाळवाण्या, पण त्यातली कुठलीही एक ओळ उचलून एकटी ठेवली तरी तिचा अर्थ पूर्ण असतो. शीटमधला आकडा एकटा उचलला तर तो नुसता आकडा राहतो.

हीच गोष्ट सरकारी पातळीवरही मान्य झाली आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ठराविक वर्गातल्या कंपन्यांना २०१०-११ या आर्थिक वर्षापासून एक्सबीआरएल पद्धतीने ताळेबंद भरायला लावला. त्यात प्रत्येक आकड्याला त्याचं नाव, कालावधी आणि चलन चिकटवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनेही ३० जून २०२३ ला आपली नवी केंद्रीकृत माहिती व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. मोठ्या संस्थांकडे असे नियम करायची ताकद असते. चौदा शाखांच्या कंपनीला ते फोन करून, समजावून जमवावं लागतं.

तारखांवर मात्र मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण पैशाच्या हिशेबात सगळ्यात जास्त घात तिथे होतो.

एक्सेलची फाइल म्हणजे आतून झिप केलेल्या एक्सएमएल फायलींची पिशवी असते. नाव बदलून, झिप म्हणून उघडून पाहा. आत तुम्हाला तारीख सापडणार नाही. १ एप्रिल २०२३ च्या जागी ४५०१७ असा आकडा असतो: १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेले दिवस. 'हा आकडा तारखेसारखा दाखव' ही सूचना वेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते. त्या मोजणीतही एक जुनी चूक मुरलेली आहे. लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक तशीच ठेवली, आणि ती आजही आहे. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून सुरू व्हायची. त्या पद्धतीची फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली की प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी सरकते. चार वर्षं आणि एक दिवस.

हे प्रकार आता कमी भेटतात. रोज भेटतो तो दुसरा. शाखेतला संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला आहे, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. लेखापाल आपल्या सवयीने ०३/०४/२०२३ लिहितो, त्याच्या मनात ३ एप्रिल. एक्सेल ते ४ मार्च समजून घेतं, तक्रार न करता. पुढच्या ओळीत तो १३/०४/२०२३ लिहितो. तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ती तारीख न मानता साधा मजकूर म्हणून ठेवतं. एकाच स्तंभात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्धा मजकूर. बारकाईने बघितलं तर फरक दिसतो: तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. शीट हाती आली की मी आधी ही कड बघतो. आणि आपल्याकडे ३ एप्रिल आणि ४ मार्च यांत केवळ एका महिन्याचा फरक नाही, तर आर्थिक वर्षाचा फरक आहे. एप्रिलचा खर्च मागच्या वर्षाच्या नफ्यातून वजा होतो. करापर्यंत जाणारी चूक, आणि तिच्या मुळाशी संगणकातलं एक सेटिंग.

आकड्यांसारख्या दिसणाऱ्या पण आकडे नसलेल्या गोष्टींचंही असंच. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं म्हणजे राज्याचा कोड. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, तिथे अडचण नाही. दिल्लीचा ०७ मात्र वेगळ्या स्तंभात लिहिला की एक्सेल पुढचं शून्य गिळतं आणि ७ ठेवतं. मग राज्यांच्या यादीशी तो जुळत नाही. बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं अशीच जातात. खाते क्रमांक सोळा अंकी असेल तर आणखी वाईट, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवतं. सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. एखाद्या विभागाचा कोड १२ई४ असेल तर तो विज्ञानातल्या पद्धतीने वाचला जाऊन १,२०,००० होतो. जनुकशास्त्रज्ञांना हाच त्रास झाला. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी जनुकांची नावं शीटमध्ये तारखा होऊन बसत, शोधनिबंधांत तशीच छापली जात. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशी नावंच बदलली, आणि २०२० मध्ये तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत ही काळजी लिहून काढली.

आणखी एक लबाड प्रकार म्हणजे इंग्रजी सीआर ही दोन अक्षरं. लेखापालासाठी त्यांचा अर्थ जमा, व्यवस्थापकासाठी कोटी. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरमधून शीट काढली तर नावे की जमा हे रकमेच्या किमतीत नसतंच, दाखवण्याच्या सूचनेत असतं. प्रोग्राम नुसती किंमत वाचतो आणि देणं-येणं एकाच बाजूला जमा होतं.

आयात करणारी साधनंही निर्दोष नाहीत. मायक्रोसॉफ्टचा एक ड्रायव्हर पहिल्या आठ ओळी बघून ठरवतो की स्तंभात आकडे आहेत की मजकूर. आठही व्हाउचर क्रमांक निव्वळ आकडी असले आणि नववा 'जेव्ही/११२' असा निघाला, तर तो रिकामा म्हणून आत जातो. ओरड नाही, इशारा नाही. मोठ्या प्रमाणावर असं शांतपणे घडलं तर काय होतं ते ब्रिटनने २०२० मध्ये पाहिलं. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत, ते पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले जात होते. त्या साच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ पासूनच्या नव्या साच्यात १०,४८,५७६ मावतात. वर उरलेल्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला. तो हिशेब पैशाचा नव्हता, पण गळती तीच: किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या, हे शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला काही खास गाठी येतात. एक शाखा 'कराड' लिहिते, दुसरी 'कऱ्हाड'. या दोन नावांचा मेळ यादीत घालता येतो. पण 'कऱ्हाड' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. कीबोर्डप्रमाणे एक किंवा दुसरी. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात, आणि अहवालात कऱ्हाडच्या दोन ओळी येतात. समोर बसलेला माणूस म्हणतो, "अहो, दोन्ही एकच तर आहेत." त्याचं बरोबर असतं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेल्या शीट तर याहून अवघड. तिथे देवनागरी फक्त दिसते, आत रोमन अक्षरं असतात. फाँट गेला की नाव गेलं. म्हणून मी नावावर कधीच जोडणी करत नाही. शाखेला एक कोड द्यायचा आणि नाव त्याच्यामागे ठेवायचं.

नावाच्या मागे काळही ठेवावा लागतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नाव बदललं, शाखा तीच, कोड तोच. तेव्हा २०२१ चा आणि २०२४ चा खर्च एकाच शाखेखाली यायला हवा. पालघरची गोष्ट वेगळी. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला. वसईच्या गोदामाचा २०१२ चा खर्च ठाण्याचा होता आणि २०१६ चा पालघरचा. दोन्ही खरं आहे. वेअरहाऊसमध्ये अशा वेळी गोदामाच्या दोन ओळी ठेवतात, एकीवर '३१ जुलै २०१४ पर्यंत', दुसरीवर '१ ऑगस्टपासून'. मग विचारणाऱ्याने ठरवायचं, त्याला तेव्हाचा नकाशा हवा आहे की आजचा. शीटमध्ये जुनं नाव खोडून नवं लिहिलं की हा प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही.

खोडण्यावरून आठवलं. आपल्या कीर्द-खतावणीत चुकीची नोंद खोडत नाहीत. उलट नोंद करून ती फिरवतात आणि बरोबर नोंद खाली करतात. इनमन यांचा चौथा गुण म्हणजे हीच शिस्त. आता कायद्यानेही ती घालून दिली आहे: १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे. म्हणून आलेली शीट आधी जशीच्या तशी, हात न लावता, एका कच्च्या तक्त्यात ठेवायची. सगळे स्तंभ मजकूर म्हणून. फाइलचं नाव, कुणी पाठवली, कधी आली आणि मूळ शीटमधला ओळ क्रमांक हे सोबत ठेवायचं. सफाई त्यापुढच्या तक्त्यात. सहा महिन्यांनी ऑडिटरने "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं, तर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे की अमुक फाइल, ओळ ४७.

तीच फाइल दोनदा येते, हे धरूनच चालायचं. "आधीची बघू नका, ही फायनल" असा निरोप दर महिन्याला येतो, आणि त्यानंतर आणखी एक येते. प्रत्येक फाइलचा गणिती ठसा काढून ठेवला तर तंतोतंत तीच फाइल पुन्हा आलेली ओळखता येते. बदललेली फाइल आली तर त्या शाखेची त्या महिन्याची जुनी आवृत्ती बाजूला करून नवी लावायची, आणि ही दोन्ही कामं एका दमात झाली पाहिजेत. अर्धवट झाली तर दोन्ही रद्द. ३८,४०० चा फरक खरं तर इथेच मिटला असता. ताईंची सुधारलेली शीट आली होती. आम्ही ती वाचली नव्हती, कारण मार्च आमच्या लेखी संपला होता.

आता पडताळणी. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली यांनी दुहेरी नोंदीची पद्धत मांडली, तेव्हापासून हिशेबनिसाला एक भरवसा आहे: नावे आणि जमा सारखी आली पाहिजे. तेरीज जुळली की जीव भांड्यात पडतो. पण वेअरहाऊसमध्ये नुसत्या तेरजेवर विसंबू नका. सबंध फाइल दोनदा आत गेली तर नावे दुप्पट होते, जमाही दुप्पट होते, आणि तेरीज अगदी चोख जुळते. ही चूक पकडायला शीटच्या बाहेरून आलेला आकडा लागतो: शाखेने स्वतः मोजून वेगळी कळवलेली बेरीज आणि ओळींची संख्या. त्याबरोबर आरंभीची शिल्लक अधिक महिन्याची उलाढाल बरोबर अखेरची शिल्लक, हेही प्रत्येक खात्याला तपासायचं. फरक आला तर फाइल आत घ्यायचीच नाही. एक रुपयाचा असला तरी.

कधी कधी शोध घेतल्यावर कळतं की आपली आयात बरोबर आहे आणि शीटमधलीच बेरीज चुकली आहे. कुणीतरी शेवटच्या ओळीखाली नवी ओळ घातली, बेरजेच्या सूत्रात ती आलीच नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात असंच झालं होतं. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. ते २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ शीट मिळाल्यावर उघड झालं. निष्कर्षावरच्या वादाला इतरही कारणं होती, पण सुटलेले देश सुटलेलेच होते. मूळ शीट जपून ठेवली होती आणि मागितल्यावर दिली, याचं श्रेय मात्र त्या दोघांना द्यायला हवं.

हे सगळं वाचून एखाद्या व्यवस्थापकाला वाटेल की शीट बंदच कराव्यात. मी त्याच्या विरोधात आहे. इचलकरंजीच्या ताईंच्या शीटमध्ये वीस वर्षांचं शहाणपण होतं: कोणता वाहतूकदार बिल उशिरा देतो, कुठे किती अंदाज धरायचा. आम्ही ती शीट काढून घेतली नाही. तिला दोन स्तंभ जोडले, स्थिती आणि एकक. शाखेचा कोड यादीतून निवडायची सोय केली आणि तारखेचा साचा पक्का केला. बेरजा, रंग, विभाग सगळं त्यांच्या पहिल्या पानावर राहिलं. प्रोग्राम वाचतो ते पान वेगळं, साधं, बेरजा नसलेलं. रंग त्या अजूनही भरतात. आता तो त्यांच्या डोळ्यांसाठी असतो आणि स्तंभ आमच्यासाठी.

तुम्ही एखाद्या शाखेत बसून दर महिन्याला अशी शीट पाठवत असाल, तर एक विनंती आहे. पुढच्या वेळी फाइलबरोबर दोन ओळींचा निरोप लिहा: किती नोंदी आहेत आणि एकूण रक्कम किती, रुपयांत. बेरीज शीटवरून उतरवू नका, मूळ व्हाउचरांवरून स्वतः मारा. आणि तुमच्या शीटमध्ये पिवळ्या रंगाचा अर्थ काय आहे, तेही कळवा.